कुपीवरचं गाव

चांदीपुरा, बार्शी, यवत, केर, बेलसर. महाराष्ट्राच्या नकाशावर ही गावं एकमेकांपासून लांब लांब विखुरलेली. एक नागपूरकडचं, एक सोलापूर जिल्ह्यातलं, दोन पुणे जिल्ह्यातली, एक थेट गोव्याच्या सीमेजवळचं. पण पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयव्ही म्हणतात ती, तिचा सत्तरहून अधिक वर्षांचा इतिहास सांगायचा तर ही नावं घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संस्थेची पाटी बदलली, संचालक बदलले, इमारती वाढल्या. बाहेरून येणाऱ्या नमुन्याच्या कुपीबरोबर जो कागद येतो, त्यावर मात्र आजही तेच विचारलेलं असतं: नाव, वय, ताप कधी आला, नमुना कधी घेतला आणि गाव कोणतं. मी परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीचा. प्रयोगशाळेत कधी पाऊल न टाकलेल्या माझ्यासारख्या माणसानं संस्थेच्या या स्मरणिकेत लिहावं, ते या शेवटच्या रकान्यापायी.

संस्था सुरू झाली १९५२ साली, ‘विषाणू संशोधन केंद्र’ या नावानं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ती काढली. रॉकफेलरच्या लोकांची कित्येक वर्षं पीतज्वरामागे गेली होती. त्या रोगावरची लस तयार करणारे त्यांचे मॅक्स थेलर यांना १९५१ साली नोबेल मिळालं होतं. पण एक कोडं उरलंच होतं. पीतज्वर आफ्रिकेत आहे, दक्षिण अमेरिकेत आहे, तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास भारतात घरोघरी आहे, मग हा रोग इथं का नाही? आणि तो नसेल, तर इथल्या डासांच्या आणि गोचिडांच्या पोटात दुसरं काय आहे? ब्राझीलमधलं बेलेम, वेस्ट इंडिजमधलं त्रिनिदाद, आफ्रिकेतली जोहान्सबर्ग आणि इबादान इथंही अशी केंद्रं निघाली. त्या माळेतलं एक पुण्यात आलं.

पहिलं मोठं काम म्हणजे रक्ताची पाहणी. स्मिथबर्न, केर आणि गटणे या तिघांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांच्या रक्तातलं सीरम तपासलं आणि १९५४ साली निष्कर्ष छापले. तेव्हाची पद्धत आज साधी वाटते, पण ती समजून घेण्याजोगी आहे. माणसाचं सीरम आणि एक ओळखीचा विषाणू एकत्र करायचे आणि ते मिश्रण उंदराच्या पिलाला टोचायचं. पिलू मेलं, तर त्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध काही नाही. पिलू जगलं, तर सीरमनं विषाणूला निकामी केलं, म्हणजे या माणसाला तो विषाणू आधी कधीतरी भेटून गेलाय. माणसाला स्वतःला तो ताप आठवतही नसेल, पण रक्त विसरत नाही. अशा उंदरांच्या जगण्या-मरण्यावरून देशातल्या विषाणूंचा पहिला कच्चा नकाशा पुण्यात काढला गेला. काही लोकांच्या रक्तात झिका विषाणूला रोखणारी प्रतिपिंडं दिसली होती. झिकाच्या भाईबंद विषाणूंमुळेही तसं दिसू शकतं, असं पुढच्या अभ्यासकांनी बजावलं आणि ते बरोबरच होतं. पण तो प्रश्न १९५२ सालीच पुण्यात विचारला गेला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरी परीक्षा झाली १९५७ मध्ये. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि वानरं मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं कडक तापानं आजारी पडू लागली. माकडं आणि माणसं एकाच वेळी मरायला लागली की पहिली शंका पीतज्वराची येते. ज्याची धास्ती धरून हे केंद्र उघडलं होतं, तोच दारात आला की काय! टेलफोर्ड वर्क तेव्हा केंद्राचे संचालक होते. ते आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो पथक घेऊन तिथं गेले. मेलेल्या माकडांतून विषाणू मिळाला, तो पीतज्वराचा निघाला नाही. तो गोचिडांतून पसरणारा निघाला आणि त्याचं जवळचं नातं निघालं रशियातल्या थंड जंगलांतल्या मेंदूज्वराशी.

मग प्रश्न पडला, सैबेरियातलं दुखणं सह्याद्रीत आलं कसं? हिवाळ्यात उत्तरेकडून उडत येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावर बसून गोचिडं आली असतील काय? हे तपासायला सलीम अलींची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पुढे आली, जागतिक आरोग्य संघटनेनं पैसे दिले आणि पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं मोठं काम उभं राहिलं. पक्षी निर्दोष ठरले. विषाणू त्या जंगलात आधीपासूनच असावा, असं पुढे दिसलं. केंद्राचे होर्गे बोशेल यांनी तिथल्या मातीत आणि पाचोळ्यात राहून जे पाहिलं ते आणखी महत्त्वाचं. जंगल तोडून शेतं झाली, गुरं रानात चरायला जाऊ लागली, गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडांची चैन झाली आणि त्यांची पिल्लं पाचोळ्यात पसरून माणसाला चावू लागली. रोगाचं कारण विषाणू, हे खरंच. पण त्या सालीच तो माणसांपर्यंत का पोचला, याचं उत्तर कुऱ्हाडीत आणि गुराखीवाटेत होतं. हे उत्तर नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं नसतं. त्यासाठी रानातच जाऊन राहावं लागलं.

आता मराठी मुलखाकडे येतो. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. ती मुख्यतः चिकुनगुनियाची होती, जोडीला डेंगी. पुण्याला पाठवलेल्या नमुन्यांतल्या दोन रुग्णांच्या रक्तात मात्र भलताच विषाणू मिळाला. आकारानं बंदुकीच्या गोळीसारखा, ना चिकुनगुनियाच्या घराण्यातला, ना डेंगीच्या. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचं वर्णन छापलं आणि त्याला नाव दिलं चांदीपुरा. एका मराठी खेड्याचं नाव असं जगभरच्या विषाणूंच्या यादीत गेलं. माणसांच्या रोगाला गावाचं नाव देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं. ते योग्यच आहे, गावाला उगाच डाग लागतो. पण १९६७ साली तसं कोणाच्या मनात नव्हतं आणि संस्थेच्या खात्यात ते गाव कायमचं नोंदलं गेलं.

विषाणू सापडला खरा, पण तो पसरतो कशानं? याचा धागा आमच्या मराठवाड्यात सापडला. धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी १९७० साली छापलेल्या टिपणात औरंगाबादकडच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडच्या, वाळूमाशीतून चांदीपुरा विषाणू वेगळा काढल्याची नोंद आहे. वाळूमाशी डासाहून बारीक. ती राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ढिगाजवळ. ज्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलंय त्यांना त्या भेगा माहीत आहेत. पांढरीच्या मातीच्या हातभर जाड भिंती, उन्हाळ्यात गार, पण दर पावसाळ्यानंतर पुन्हा लिंपाव्या लागणाऱ्या. आई दिवाळीच्या आधी भेगा बुजवायची ती घर नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या भेगांत कोण राहतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच नाही.

पुढे कितीतरी वर्षं चांदीपुरा हा फारसा कोणाला न छळणारा विषाणू समजला गेला. मग २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मुलांना अचानक ताप, झटके, बेशुद्धी आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू असं सुरू झालं. ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. करीमनगर, वरंगळ हे भाग म्हणजे आमच्याच गोदावरीच्या खालच्या अंगाचे. संस्थेनं मुलांच्या नमुन्यांतून चांदीपुरा विषाणू वेगळा काढला. त्यावर तज्ज्ञांत वाद झाले, मेंदूची सूज की रक्तवाहिनीचा आघात, असे. पण ३८ वर्षांपूर्वी एका नागपुरी तापात मिळालेला, कपाटात नोंदून ठेवलेला विषाणू पुण्यात होता, म्हणूनच त्याला ओळखता आलं. नंतर गुजरातनं, पुन्हा विदर्भानं आणि २०२४ साली परत गुजरातनं त्याचा फटका सोसला. आजही त्यावर खास औषध नाही आणि लस नाही.

मधल्या काळातल्या कारभाराच्या गोष्टी थोडक्यात. रॉकफेलर प्रतिष्ठान १९६७ साली बाहेर पडलं आणि संस्था पूर्णपणे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची झाली. १९७८ साली तिला राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव मिळालं. त्या नव्या नावाच्या पहिल्या दशकात डॉ. खोर्शेद पावरी यांनी संस्था सांभाळली. एका स्त्रीनं देशातली अशी प्रयोगशाळा त्या काळात चालवणं, एड्सच्या शोधाची पहिली तयारी करणं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो कोणीतरी नीट लिहावा. काविळीवरचं, विशेषतः हेपॅटायटिस ‘ई’वरचं डॉ. विद्या अरणकल्ले यांचं काम याच संस्थेतलं.

मला थांबायचं आहे ते बार्शीला. १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली आणि संस्थेच्या पथकानं तिथं जाऊन घरोघर चौकशी केली. शहरातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं आजारी पडली होती, असं त्या पाहणीत निघालं. नंतर तो विषाणू जणू देशातून निघूनच गेला. ३२ वर्षं त्याचं नाव नाही. डॉक्टरांच्या एका पिढीनं तो फक्त पुस्तकात वाचला.

तो परत आला २००५ च्या अखेरीस, आंध्र आणि कर्नाटकातून आणि २००६ मध्ये मराठवाड्यात घुसला. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घराला घर लागून माणसं पडली. आई एका सकाळी भिंत धरून उठली. “लेका, बोटंच मिटंनात बघ,” म्हणाली. ताप तीन दिवसांत उतरला, सांधे उतरले नाहीत. जात्यावर बसणं राहू द्या, तिला तांब्या धरता येईना. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांचा बर्ड फ्लू झाला होता. त्यामुळे ‘चिकनगुनिया’ हे नाव कानावर आलं तसं लोकांनी कोंबडी सोडली. नावाचा कोंबडीशी काही संबंध नव्हता. टांझानियाच्या दक्षिणेकडच्या माकोंडे लोकांच्या भाषेतला तो शब्द, अर्थ वाकून जाणं. १९५२ च्या सुमारास तिथं पहिल्यांदा साथ आली तेव्हा लोकांनी आपल्या दुखण्याला दिलेलं ते नाव. आमच्या गल्लीकडे नुसती नजर टाकली असती तरी अर्थ कळला असता.

डास आमच्याच घरात होते, हे मान्य करायला हवं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणार, म्हणून दारात टिपाडं, न्हाणीत हौद, उंबऱ्याजवळ रांजण. एडिस डासाला असंच स्वच्छ, साठवलेलं, झाकण नसलेलं पाणी हवं असतं. ‘कोरडा दिवस पाळा’ असं भिंतीवर रंगवलेलं होतं. पण ज्या बाईनं मध्यरात्री उठून पाणी भरलंय, तिला आठवड्याला भांडी रिकामी करा, हे सांगणं सोपं नाही. दुष्काळी भागातला चिकुनगुनिया पाण्याच्या टंचाईतून येतो. आरोग्य आणि पाणीपुरवठा ही दोन खाती वेगळी असली, तरी हे दुखणं दोन्ही खात्यांचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्या वर्षी देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. पुण्यात संस्थेनं विषाणूची जनुकं वाचली आणि एक महत्त्वाची गोष्ट निघाली. कोलकात्याचा १९६३ चा आणि बार्शीचा १९७३ चा विषाणू आशियाई घराण्यातला होता. २००६ चा निघाला आफ्रिकी घराण्यातला. म्हणजे जुना परत आला नव्हता, नवाच आला होता. मग तो आला केव्हा? संस्थेच्या साठ्यात पुणे जिल्ह्यातल्या यवत गावातून २००० साली पकडलेल्या डासांतून मिळालेला एक विषाणू होता. तो वाचला, तर तोही आफ्रिकी घराण्यातलाच! साथीच्या पाच वर्षं आधीच तो दौंड तालुक्यातल्या डासांत होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. एखाद्या तरुण कर्मचाऱ्यानं कुठल्याशा घरात नळीनं डास ओढून बाटलीत घेतले असतील, चिठ्ठीवर ‘यवत’ लिहिलं असेल आणि दुसऱ्या गावाला गेला असेल. त्या चिठ्ठीची किंमत पाच-सहा वर्षांनी कळली. संस्थेचा मोठेपणा मला या शिस्तीत दिसतो.

आईच्या गुडघ्यांबद्दल लिहायला हवं, कारण गावात अजूनही लोक म्हणतात की चिकुनगुनियानं तिचे गुडघे खाल्ले आणि म्हणून बदलावे लागले. तसं नाही. २०१८ साली शस्त्रक्रियेच्या आधी हाडांच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. चिकुनगुनिया सांध्याच्या अस्तराला सूज आणतो. ती महिनोन्महिने, कधी वर्षभराहून जास्त राहते, पण बहुतेकांची कूर्चा शाबूत राहते. आईची कूर्चा झिजली होती वयानं आणि उभ्या जन्माच्या उकिडव्या कामानं. मांडीच्या हाडाच्या टोकाला कोबाल्ट-क्रोमचं टोपण, नडगीच्या डोक्यावर धातूची बैठक, मध्ये पॉलिथिलीनची चकती, असा तिचा गुडघा आता आहे. आदल्या वर्षीच, ऑगस्ट २०१७ मध्ये, सरकारनं कृत्रिम गुडघ्याची किंमत बांधून दिली होती. नेहमीचा गुडघा दीड लाखाच्या घरातून ५४,७२० रुपयांवर आला, तेव्हा आमची हिंमत झाली. गुडघ्याचं दुखणं एका माणसाचं असतं, एका टेबलावर ते सुटतं. २००६ चा ताप समजायला मात्र आईचे सांधे तपासून भागलं नसतं. त्याला गल्लीतली टिपाडं, बार्शीची जुनी वही आणि यवतचे डास लागले.

यानंतरचा इतिहास सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून मी भराभर सांगतो. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि संस्थेच्या दारात नमुन्यांचे ढीग लागले. पाषाणच्या आवारात सर्वांत कडक सुरक्षेची, चौथ्या स्तराची प्रयोगशाळा २०१२ मध्ये तयार झाली. ३० जानेवारी २०२० ला केरळमधल्या देशातल्या पहिल्या कोरोना रुग्णाचं निदान इथंच पक्कं झालं. मार्चमध्ये विषाणू वेगळा केला गेला आणि तोच पुढे कोव्हॅक्सिनचा पाया ठरला. त्या दिवसांत तेव्हाच्या संचालक डॉ. प्रिया अब्राहम यांच्या संस्थेतली माणसं घरी कधी गेली असतील, कोण जाणे.

पण त्याच वर्षांत गावांची यादीही वाढत होती आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. क्यासनूरचा ताप, ज्याला आपल्याकडे माकडताप म्हणतात, तो सह्याद्रीच्या कडेनं सरकत २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाला पोचला. काजूच्या हंगामात बागेत पाचोळा तुडवत फिरणारी माणसं आजारी पडली. बोशेल यांनी शिमोग्यात पाहिलेलं चित्र सहा दशकांनी मराठी कोकणात उभं राहिलं. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते, त्यांत निपाहची प्रतिपिंडं मिळाली. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. १९५२ च्या पाहणीतला प्रश्न जवळजवळ सत्तर वर्षांनी संस्थेपासून तास-दोन तासांच्या अंतरावर येऊन उभा राहिला.

आणि जानेवारी २०२५. सिंहगड रस्त्यावर हातापायांतलं बळ जाण्याचा, गिलियन-बॅरेचा, आजार वाढला. बातम्यांत ‘नांदेड’ ऐकून मला पिंगळीहून लागोपाठ फोन आले, कारण आमचं नांदेड रेल्वेनं अगदी हाकेच्या अंतरावर. बातम्यांतलं नांदेड गाव मात्र पुण्यातलं, खडकवासल्याच्या वाटेवरचं. रुग्ण नकाशावर मांडले, तर ते किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या पट्ट्यात दाटले होते. संशय गेला पिण्याच्या पाण्यावर आणि त्या भागाला पाणी देणाऱ्या विहिरीवर. संस्थेत तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस मिळाले. नमुन्यावर पत्ता नसता, तर ते नुसते आजारी लोक राहिले असते. पत्त्यांमुळे ते विहिरीकडे बोट दाखवू शकले.

संस्थेकडे माझं एकच मागणं आहे आणि ते मी या पानावर मोकळेपणानं मांडतो. गावातून नमुना जातो, त्यावरून शोधनिबंध होतो, तो इंग्रजीत कुठल्यातरी नियतकालिकात छापून येतो. यवतच्या ग्रामसभेत कोणी सांगितलं का, की तुमच्या गावच्या डासांनी देशाला काय दाखवलं? बार्शीतल्या शाळेत हे शिकवतात का? दोन पानांचं मराठी पत्रक पुरेल. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं, तर पुढच्या वेळी रक्त द्यायला दार उघडताना कोणी कां-कू करणार नाही आणि टिपाडावर झाकणही बसेल.

आई आता तपासणीसाठी वर्षाकाठी एकदा पुण्याला येते. पिंगळीहून आम्ही परभणीला जातो आणि लातूरवरून पुण्याला जाणारी रात्रीची गाडी धरतो. मध्यरात्रीच्या आगेमागे बार्शी येतं. दौंड मागे पडलं की पहाटेच्या अंधारात यवतचा फलाट झरकन मागं जातो. मी तिला एकदा यवतची पाटी दाखवून सगळी हकिकत सांगितली. तिनं ऐकून घेतली, खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “मग आपल्या पिंगळीचं रक्त नेलं होतं का रे त्यांनी?”